वहिनींची एक ओळ

माझे कान तिखट आहेत असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. मीही म्हणतो. शूटिंग चालू असताना तिसऱ्या मजल्यावर कुणी नळ सोडला तरी मला खाली कळतं. नटाने वाक्यातला एक शब्द गिळला, तर ध्वनिमुद्रकाच्या आधी माझा हात वर जातो. एकदा पंख्याचा आवाज येतोय म्हणून मी अख्खं युनिट वीस मिनिटं खोळंबून ठेवलं होतं. पंखा काही सापडेना. शेवटी तो शेजारच्या इमारतीत निघाला. लोक मला घाबरतात ते या कानांमुळे, असं मी घरी फुशारकीने सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "कानांना कोण घाबरतंय? तोंडाला घाबरतात."

आता आठ महिने झाले, ती काही म्हणत नाही. घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं आणि आम्ही दोघांनीही शहाण्यासारख्या माना डोलावल्या होत्या. "जीव महत्त्वाचा, आवाजाचं काय एवढं!" असं मी त्यांच्यासमोर म्हणालोसुद्धा. तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

ती तेहतीस वर्षं शाळेत शिकवायची, त्यामुळे फळा तिला नवा नाही. आता एक छोटा पांढरा फळा सतत तिच्या हाताशी नाहीतर गळ्यात असतो, त्याला दोरीने पेन बांधलेलं. अक्षर सुरेख, स्वल्पविराम जागच्या जागी. सकाळी मी पेपरात डोकं घालून बसलो की फळा पेपराच्या वरून डोकावतो: "आंघोळ आज, की तेही नंतर बघू?" 'नंतर बघू' हे माझं पेटंट वाक्य. निर्मात्याला दिवसातून शंभर जण शंभर गोष्टी विचारतात. प्रत्येकाला नाही म्हटलं तर काम थांबतं आणि हो म्हटलं तर दिवाळं निघतं. म्हणून नंतर बघू.

फळ्यावर ती पूर्वीइतकीच बोलते, पूर्वीइतकीच चिडवते. सुनं सुनं झालंय ते माझ्या कानांना. आतल्या खोलीतून ती मोठ्याने बातम्या वाचून दाखवायची आणि दर तीन वाक्यांमागे विचारायची, "ऐकतोयस का?" मी "हो" म्हणायचो. निम्म्या वेळा ऐकत नसायचो. आता कधी कधी भर दुपारी, बाहेर सगळं शांत असताना, मी उगाचच "हो" म्हणतो. एकदा तिने ते पाहिलं. फळ्यावर काही लिहिलं नाही.

मला तिचा आवाज ऐकायचा होता. एकच वाक्य, पण पूर्ण आणि खरं. यात काय अवघड, जन्मभर मी लोकांचे आवाजच तर टेपवर धरत आलो! माळ्यावरून खोकं काढलं. घरच्या अकरा टेपा निघाल्या: मुलीचं पहिलं पाऊल, तिचं शाळेतलं नाटक, समुद्रावरची सहल. जुनं यंत्र दुरुस्त करून आणलं आणि एकेक लावली. मुलगी पाऊल टाकते, बाजूने बायकोचा आवाज येतो, "अगं बाई, बघ बघ..." आणि लगेच कॅमेऱ्यामागून माझा: "शूऽऽ! साउंड चालू आहे!"

पुढची टेप. तिने तोंड उघडलं. "शूऽऽ!" त्याच्या पुढची. "शूऽऽ!" अकरा टेपांत मी तिला चौदा वेळा गप्प केलं होतं. घरातल्या घरातही मला स्वच्छ ध्वनिमुद्रण हवं होतं ना! समुद्रावरच्या टेपेत तर ती माझ्याआधीच तोंडावर बोट ठेवते आणि हसते. मागे लाटांचा आवाज इतका सुंदर आलाय की मला तो ऐकवेना.

मुलीला फोन केला. तिचं लग्न होऊन ती दूर असते.

"बाबा, माझ्याकडे नाही काही. आई कधी आवाज पाठवायची का? लिहून पाठवायची. तेही परिच्छेद पाडून."

"एखादा चुकून राहिलेला?"

"जुना फोन बिघडला तेव्हाच गेलं सगळं. ऑपरेशनच्या आधी का नाही केलंत रेकॉर्ड?"

केलं असतं. मी माईक घेऊन बसलोही होतो. पण तेव्हा तिचा आवाज घोगरा होऊन सहा महिने झाले होते. ती म्हणाली, "हा माझा नाहीच. हा कशाला जपून ठेवायचा?" मी म्हणालो, बरं, नंतर बघू.

फोन ठेवता ठेवता मला पायलट आठवला.

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. माहितीपटाचं निवेदन खऱ्या कलाकाराकडून मुद्रित होण्याआधी कुणाच्या तरी आवाजात कामापुरतं वाचून घेतात. त्यावर संकलक चित्रं बसवतो. तो तात्पुरता आवाज म्हणजे पायलट. खरा आवाज आला की तो पुसायचा. एकतीस वर्षांपूर्वीच्या माझ्या पहिल्या माहितीपटाचा पायलट बायकोने वाचला होता.

तेव्हा मी कुणीच नव्हतो. दोन निर्मात्यांच्या हाताखाली चहा सांगण्यापासून करार टाइप करण्यापर्यंत सगळं करून झालं होतं. एका नदीवर पूल होत होता आणि नावेची फेरी बंद होणार होती. त्या शेवटच्या वर्षावर माहितीपट करायचा असं मी ठरवलं. टीव्ही वाहिनीने होकार दिला. बहुधा मी त्यांच्या पायऱ्या फार झिजवल्या म्हणून. निवेदन वाचायला मित्रांपैकी कुणाला वेळ नव्हता. मग घराच्या मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या बांधल्या आणि बायकोला बसवलं. कोंदटलेल्या खोलीत ती दोन तास वाचत होती. हातात रुमाल होता, मधूनमधून थांबत होती. मला वाटलं उकडतंय, नाहीतर कंटाळली. "लवकर आटप," म्हणालो.

वाचन इतकं साधं, इतकं घरगुती झालं होतं की आमचा संकलक माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हेच ठेवा की." पण वाहिनीला नावाजलेला आवाज हवा होता आणि खरं सांगायचं तर मलाही. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, नावाजलेल्या तोंडची तर सोन्याच्या भावाने खपते. एका मोठ्या अभिनेत्रीने एक सकाळ दिली. घरी सांगितलं तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली आणि मुलीचे कपडे घड्या करत बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "वाईट होता का आवाज?"

मी म्हणालो, "वाईट नाही गं. ओळखीचा नाही."

लोकांच्या ओळखीचा नाही, असं मला म्हणायचं होतं. तिने पुन्हा विषय काढला नाही.

माहितीपट गाजला. माझी गाडी तिथून सुटली ती सुटलीच. मालिका झाल्या, चार चित्रपट झाले, त्यांतले दोन आपटले. एक प्रश्नमंजुषा नऊ वर्षं चालली, तिच्याविषयी मी लोकांत बोलत नाही. पण कुठेही सत्कार झाला की लोक त्या पहिल्या माहितीपटाचंच कौतुक करायचे, आणि त्यातही निवेदनाचं. किती आपलेपणाने वाचलंय! मी मान झुकवायचो.

संकलकाला आम्ही सगळे कात्री म्हणतो. आता तो निवृत्त आहे, कुंड्यांमधल्या रोपांची छाटणी करतो. सवय जात नाही. मी दारात उभा राहून विचारलं, "पायलटची टेप आहे का रे?"

"कुठला पायलट?"

"नदीचा. तुझ्या वहिनीने वाचलेला."

कात्रीने हातातली खरी कात्री खाली ठेवली. "साहेब, तेव्हा नव्या टेपा कुठे मिळत होत्या आपल्याला? पुसून तीच वापरली, पुढच्या कामाला. तुम्हीच सांगितलं होतंत."

मी सांगितलं असणारच. आपलेच दात, आपलेच ओठ. मी पायरीवर बसलो. मला पाणी आणून देईपर्यंत त्याला काहीतरी आठवलं.

"पण माहितीपटात आहे ना एक ओळ."

"कसली ओळ?"

"वहिनींची. अभिनेत्रीबाईंच्या टाइप केलेल्या प्रतीत एक ओळच नव्हती. वहिनींनी पायलट वाचताना पेन्सिलीने समासात घातली होती, एक लांब शॉट रिकामा जात होता म्हणून. तुम्ही ती टाइप करायला दिलीच नाहीत. बाई वाचून निघून गेल्या, दुसऱ्या दिवशी टेप वाहिनीला द्यायची. मी तुम्हाला फोन केला, म्हटलं एक ओळ पायलटचीच लावतो, मग बाईंकडून घेऊ. तुम्ही काय म्हणालात?"

"नंतर बघू," मी म्हणालो.

"हां."

"कुठली ओळ?"

ते त्याला आठवेना. एकतीस वर्षांत हजारो ओळी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. "तुम्हाला काय, ऐकलीत की कळेल," तो म्हणाला. "तुमचे कान आहेत."

दुसऱ्या दिवशी मी वाहिनीच्या संग्रहात गेलो. जुन्या कार्यक्रमांचा आवाज स्वच्छ करणाऱ्या एक बाई तिथे आहेत. जाड चष्मा, कमी बोलणं, टेबलावर पाण्याची बाटली आणि लोकरीचं विणकाम. आमचा माहितीपट त्यांनी मागच्याच वर्षी धुऊनपुसून ठेवला होता. मी कानाला हेडफोन लावले आणि मनात म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

बावीस मिनिटांचा माहितीपट. पहिल्यांदा ऐकून संपला. काही नाही. कुठल्या तरी ओळीला माझे कान आपोआप टवकारतील असं वाटलं होतं, पण सगळीकडे एकच आवाज, शांत, जरा खालच्या पट्टीतला. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून. चौथ्यांदा प्रत्येक ओळीला थांबत थांबत. कधी वाटायचं ही, लगेच वाटायचं नाही, ती. ज्या बाईबरोबर मी चौतीस वर्षं संसार केला तिचं एक वाक्य मला ओळखता येत नव्हतं.

आणि मग आठवलं, का येत नव्हतं ते. त्या सकाळी अभिनेत्री आल्या तेव्हा मीच त्यांना पायलट ऐकवला होता. "बाई, अगदी असंच हवं. याच चालीत, याच वेगात, असंच घरात बसून बोलल्यासारखं." बाई खऱ्या कलाकार. त्यांनी हुबेहूब उचललं. म्हणजे एकतीस वर्षं ज्या आपलेपणासाठी मी माना झुकवत होतो, तो माझ्या घरातलाच होता.

चष्मेवाल्या बाईंनी विणकामातून मान वर केली. "काही शोधताय का? दोन आवाजांत फरक असेल तर यंत्र दाखवेल. पाच मिनिटांत."

"नको," मी जरा जोरात म्हणालो. माझ्या बायकोचा आवाज कुठला ते यंत्राने मला सांगायचं? तेवढी लाज अजून शिल्लक होती. बाईंनी खांदे उडवले आणि टाके मोजायला लागल्या.

पाचव्यांदा लावलं ते नुसतं बघायला. ऐकायचं मी सोडून दिलं होतं. पडद्यावर नाव निघाली, माणसं चढली, एका म्हातारीने बोचकं मांडीवर घेतलं, काठ मागे गेला. आणि अचानक मला आमचं घर आठवलं.

हा माहितीपट टीव्हीवर लागला की मी बैठकीत पुढे सरकून बसायचो. पाहुणे असले तर हाताने दाखवत, "आता बघा, हा शॉट बघा." बायको बसायची नाही. तिला काम असायचं, वह्या तपासायच्या असायच्या. पण नाव नदीच्या मध्यावर येते ना, तिथे ती दरवेळी यायची. स्वयंपाकघराच्या दारात, हात पुसत, नाहीतर हातात लाल पेन घेऊन. थोडा वेळ उभी राहायची आणि परत आत जायची. वर्षानुवर्षं. मला वाटायचं तो शॉट तिला आवडतो. मी कॅमेरामनलाही सांगितलं होतं, "तुझ्या त्या शॉटला आमच्या घरात एक कायमची प्रेक्षक आहे." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मी तो भाग मागे नेला. नावाडी वल्हं पाण्याबाहेर काढतो. नऊ सेकंदांचा शॉट. त्यावर आवाज येतो: "मधोमध आलं की नावाडी वल्हं उचलून धरतो. मग थोडा वेळ नावेत कुणी बोलत नाही."

हीच. कानांनी नाही सांगितलं. दाराने सांगितलं.

चष्मेवाल्या बाईंनी प्रत काढून दिली. घरी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बायको आत भाजी निवडत होती. फळ्यावर वाढून ठेवल्यासारखा प्रश्न तयार होता: "होतास कुठे? जेवलास का?" बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि ती म्हातारपणी रडणाऱ्या पुरुषांची फार टिंगल करते. मी टीव्हीला प्रत लावली, आवाज वाढवला आणि बसलो. यावेळी खुर्ची फिरवून, टीव्हीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून.

सुरुवातीचं संगीत वाजलं. आत भाजीचे देठ मोडण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. पुलाचे खांब झाले, मुकादम बोलला, नाव निघाली. म्हातारीने बोचकं मांडीवर घेतलं असणार. मी बघत नव्हतो. येणार नाही, असंही वाटलं. आता कशाला येईल? जे गेलं ते दारात उभं राहून ऐकायला कुणाला आवडेल?

ती आली. हाताला हिरवा रंग लागलेला, गळ्याला रुमाल. मी तिच्याकडे तोंड करून बसलेला पाहून ती दचकली, पण मागे फिरली नाही. तिची नजर माझ्या डोक्यावरून टीव्हीवर गेली. मागे पाण्याचा आवाज, वल्ह्यावरून गळणारे थेंब.

आणि तिचे ओठ हलले.

"मधोमध आलं की नावाडी वल्हं उचलून धरतो. मग थोडा वेळ नावेत कुणी बोलत नाही."

शब्दाला शब्द. कुठेही मागे नाही, पुढे नाही. ओठ आणि आवाज जुळवण्यासाठी मी नामांकित नटांकडून वीस वीस वेळा करून घेतलंय, इतकं तंतोतंत कधी जुळलं नव्हतं. माझी बायको दारात उभी राहून बोलली. आठ महिन्यांनी. म्हणजे दरवेळी ती अशीच बोलत होती, माझ्या पाठीमागे उभी राहून, आणि मी एकदाही वळून तिच्या ओठांकडे पाहिलं नव्हतं.

ओळ संपली. तिने हात पुसले, गळ्यातला फळा पुढे घेतला आणि सावकाश लिहिलं.

"ओळखीचा वाटला?"

एकतीस वर्षं तिने हा शब्द जपून ठेवला होता. मी खोटं बोलू शकलो असतो. धंद्यात तेच केलं.

"नाही," मी म्हणालो. "पाच वेळा ऐकलं, तरी नाही कळलं गं. तू या वेळेला दारात यायचीस, त्यावरून ओळखलं."

मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसते तेव्हा आता आवाज येत नाही, फक्त श्वास येतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग फळा पुसून लिहिलं: "सर्दी झाली होती मला त्या दिवशी. इतकी, की 'म' म्हणता येत नव्हता. तू म्हणालास, लवकर आटप."

मी तो भाग मागे नेला. ती माझ्या शेजारी येऊन बसली. यावेळी मी डोळे मिटले. पाणी, थेंब, आणि मग ते आलं: बधोबध. चोंदलेल्या नाकाने, रुमाल हातात धरून, माझी बायको म्हणत होती, बधोबध आलं की. कसं सुटलं होतं ते माझ्या कानांतून? तिचा होता तो, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. रडायचं नाही असं ठरवलेलं पार विसरलो.

तिने कोपराने ढोसलं. मी डोळे उघडले. फळा माझ्या नाकासमोर होता.

"ऐकतोयस का?"

"हो," मी म्हणालो, आणि पुन्हा मागे नेलं.